सेंट्रिंगच्या फळीची खूण

ताई,

मी ३३ वर्षांचा आर्किटेक्ट. घर लांज्याजवळच्या एका वाडीत, शिक्षण अहमदाबादला, त्यानंतर पाच वर्षं टोकियोतल्या एका ऑफिसात नोकरी. दोन वर्षांपूर्वी परत आलो आणि रत्नागिरीत स्वतःचं काम सुरू केलं. सध्या हातात एकच मोठं काम आहे, मुंबईच्या एका जोडप्याचं गणपतीपुळ्याजवळचं घर. त्यांना आरसीसीचा सांगाडा, सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि बाहेरून चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, चकत्यांचं क्लॅडिंग हवं आहे, कारण 'घर कोकणातलं वाटलं पाहिजे'. आत 'जपानी टच' म्हणून कागदाची सरकती दारं. मी ड्रॉइंग काढून दिली आणि त्या रात्री झोप लागली नाही. गावातल्या गवंड्यांना मी बाहेरचा वाटतो. टोकियोत मी कायम भारतीय होतो, अहमदाबादेत कोकणी. परवा बाबांनी ड्रॉइंग बघून विचारलं, "यात तुझं स्वतःचं काय आहे रे?" मला उत्तर देता आलं नाही. टोकियोच्या ऑफिसनं परत बोलावलंय, महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. हे काम सोडू का? परत जाऊ का? मला अरेतुरे केलंत तरी चालेल.

— त्रिशंकू

अरेतुरे करते, पण त्रिशंकू म्हणणार नाही. त्याला विश्वामित्रानं वर ढकललं, इंद्रानं खाली लोटलं आणि तो दोघांच्या हट्टापायी मध्येच लटकला. तू स्वतःच्या पायांनी गेलास आणि स्वतःच्या पायांनी परत आलास.

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. काम सोडू नकोस. टोकियोला या महिन्यात होकार कळवू नकोस. बाबांचा प्रश्न मात्र या दोन्हींपेक्षा मोठा आहे. तो मी चार दिवस मनात घोळवत होते आणि दर वेळी मला एकच माणूस आठवत होता, आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड. टोकियोत पाच वर्षं काढलीस म्हणजे नाव तुझ्या कानावरून गेलं असेलच. पण त्याच्याकडे आज तुझ्या जागेवरून बघ.

रेमंड १८८८ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, क्लाद्नो या कोळशाच्या आणि पोलादाच्या गावात जन्मला. प्राग शहरात शिकला आणि १९१० मध्ये अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये कॅस गिल्बर्टच्या ऑफिसात त्यानं नोकरी केली. वूलवर्थची प्रचंड इमारत उभी राहत होती तो हा काळ. पुढे तो फ्रँक लॉइड राइट या नामवंत अमेरिकन आर्किटेक्टकडे गेला. बायको नोएमी मूळची फ्रान्सची, स्वतः चित्रकार आणि डिझायनर. त्याच्या कामात तिचा वाटा मोठा आहे आणि तो नेहमी सांगितला जात नाही. राइटनं या दोघांना टोकियोतल्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी जपानला नेलं. १९१९ च्या अगदी शेवटच्या दिवशी ते तिथे पोचले. हॉटेलचं काम पुरं होण्याआधीच रेमंड त्यातून बाहेर पडला, पण जपान त्यानं सोडलं नाही. टोकियोतच स्वतःचं ऑफिस थाटलं.

आता बघ, हा माणूस कुठला? जन्मानं चेक, नागरिकत्वानं अमेरिकन, गुरू राइट, घरात फ्रेंच बायको आणि अंगणात जपान. बाबांचा प्रश्न त्यालाही कुणी विचारला असता तर सुरुवातीची काही वर्षं त्यालाही उत्तर देता आलं नसतं. त्याच्या जपानमधल्या पहिल्या इमारतींवर राइटची छाप इतकी गडद आहे की ओळख पटायला वेळ लागत नाही. ती छाप पुसणं किती जड गेलं हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या गुरूच्या हाताखाली काम केलं की त्याचं वळण आपल्या मनगटात उतरतं. मग आपण काढतो त्या रेघा आपल्या वाटतात, पण नसतात.

१ सप्टेंबर १९२३ ला कांतो भागात महाभूकंप झाला आणि टोकियोचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर रेमंडनं रेइनानझाका भागात स्वतःचं घर बांधलं, ते उघड्या काँक्रीटचं. घरासाठी काँक्रीट असं गिलाव्याविना उघडं ठेवण्याचा हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक मानतात. छपराचं पाणी खाली आणायला त्यानं नळ्यांऐवजी साखळ्या लावल्या, जपानी देवळांत असतात तशा. आपल्याकडे पागोळ्या गळतात तेव्हा पाण्याची जी धार दिसते, ती तिथे साखळीवरून उतरते.

पण मला तुझं लक्ष साखळीकडे वेधायचं नाही. साखळी कुणीही लावेल. मला बोलायचंय ते काँक्रीटबद्दल. ते ओतायचं तर सेंट्रिंग, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारा फळ्यांचा साचा, हवं आणि जपानमध्ये सेंट्रिंग करणार कोण? देवळं आणि घरं बांधण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या ते सुतार. ते फळी रंधतात तीच कागदासारखी आणि सांधा बसवतात तो केसभरही फट न ठेवता. त्या फळ्यांमध्ये ओतलेलं काँक्रीट उघडं केलं की पृष्ठभागावर लाकडाच्या रेषा उमटलेल्या दिसतात. जपानमधलं उघडं काँक्रीट पुढे जगभर वाखाणलं गेलं त्यामागे हे सुतार आहेत. विचार युरोपातून आला, सिमेंट कारखान्यातून आलं, आणि भिंतीवर जपान उमटला तो सुताराच्या रंध्यामुळे. कुठेही जपानी नक्षी चिकटवावी लागली नाही.

दोन संस्कृती एकत्र येतात त्या अशा, हातांमधून. एलिव्हेशनमध्ये, म्हणजे दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगमध्ये, त्या एकत्र आणता येत नाहीत. बाबांनी तुझं ड्रॉइंग बघितलं, त्यात त्यांना एकही हात दिसला नसावा.

उसनं घेण्याबद्दलही सांगते, कारण तुला ती टोचणी आहे असं पत्रावरून वाटलं. १९३३ मध्ये रेमंडनं कारुइझावाच्या डोंगरात स्वतःसाठी उन्हाळी घर बांधलं. त्याची मूळ कल्पना, मध्ये खोलगट होणारं उलटं छप्पर आणि आतला उतार, युरोपातला नामवंत आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यानं चिलीतल्या एका घरासाठी मांडली होती. ते घर कधी बांधलंच गेलं नाही. रेमंडनं ती सरळ उचलली. कॉर्बुझिएला ते लागलं आणि त्यानं ते छापूनही आणलं. पण मूळ घर दगडाचं कल्पिलेलं होतं. रेमंडच्या हातात कारुइझावाचं लाकूड होतं आणि तिथले सुतार होते. ओंडके, त्यांचे सांधे, वर शाकारणी, असं करता करता ते घर वेगळंच झालं. आराखडा उसना आणि घर अस्सल, असं होऊ शकतं. त्याच्या उलटही होतं, आराखडा आपला आणि घर खोटं. तुझ्या हातातलं काम सध्या या दुसऱ्या वाटेवर आहे.

आता पुदुच्चेरीकडे येते. तुला खरं तर तिथेच पाठवायचं आहे.

श्री अरविंद आश्रमातल्या साधकांसाठी निवास बांधायचं ठरलं तेव्हा आश्रमातल्या पवित्र नावाच्या फ्रेंच इंजिनिअर साधकानं रेमंडचं नाव सुचवलं. दोघांची ओळख जपानमधली. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्यामार्फत देणगी मिळाली, म्हणून इमारतीला नाव पडलं 'गोलकोंड', गोवळकोंड्यावरून. रेमंडच्या ऑफिसातून जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रांतिशेक सॅमर हे दोघे साइटवर आले. एक अमेरिकेत जन्मलेला जपानी वंशाचा, दुसरा चेक, कॉर्बुझिएकडे काम करून आलेला. रेमंड स्वतः १९३८ मध्ये काही महिने येऊन राहिला. बांधायला कंत्राटदार नव्हता. बांधकाम कधी न केलेले साधकच शिकत शिकत काम करत होते. ठरलेली मुदत नाही, करारपत्र नाही. ते दिवस स्वप्नासारखे होते असं रेमंडनं नंतर लिहिलं. चाळीसच्या दशकात, महायुद्धाच्या धामधुमीत, इमारत पुरी झाली.

मी परवानगी काढून आत गेले होते तेव्हा मे महिना होता. बाहेर अंग चिकचिकत होतं. दारात चपला काढल्या आणि पाय टेकला तो गार काळ्या फरशीवर. कडप्पा! आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या ओट्याला असतो तो कडप्पा, घासून घासून आरसा केलेला. मी कितीतरी ओट्यांना तो वापरला होता आणि एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

उत्तरेला लांब कॉरिडॉर, दक्षिणेला ओळीनं खोल्या. दोन्ही बाजूंना भिंतच नाही. जमिनीपासून छतापर्यंत आडव्या फिरत्या झडपा, हव्या तशा उघडा, पावसात मिटा. दोन्हीकडे बाग, एक सावलीची, एक उन्हाची. त्या दोन बागांच्या तापमानात फरक पडतो आणि वारा इमारतीतून आरपार वाहतो. खोलीचं दार सागवानी, सरकतं, पट्ट्यापट्ट्यांचं. पट्ट्या पुढेमागे अशा बसवल्या आहेत की वारा आत येतो पण नजर येत नाही. छतावर काँक्रीटच्या वक्र कौलांचा दुसरा थर आणि मध्ये हवेला वाट, म्हणजे उन्हाचा मार स्लॅबला लागत नाही. काँक्रीट जिथे भार उचलतं तिथे ते काँक्रीट म्हणूनच दिसतं. कड्याकोयंडे पितळी, तिथेच ओतलेले. त्यासाठी घराघरांतली जुनी पितळी भांडी वितळवली असं तिथे सांगतात. मी एक कडी बराच वेळ हातात धरून उभी होते.

या इमारतीत एकही कमान नाही, गोपुर नाही, कमळ नाही. 'भारतीय टच' शोधून सापडत नाही. आणि तरी पुदुच्चेरीच्या उन्हाला, वाऱ्याला, पावसाला, तिथे राहणाऱ्याच्या एकांताला इतकं चोख उत्तर मी दुसऱ्या कुठल्या आधुनिक इमारतीत पाहिलेलं नाही. सरकत्या दाराची जाण जपानमधून आली, काँक्रीटची युरोपातून, फरशी कडप्प्याहून. सांधा कुठेच दिसत नाही, कारण प्रत्येक गोष्ट तिथल्या हवेनं मागितली म्हणून आलेली आहे.

एक उणीव लपवत नाही. त्या मूळच्या झडपा अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या. तेव्हा तो उत्तम माल समजत, आज आपण त्याला हात लावणार नाही. प्रामाणिक माल म्हणजे आपल्याला आज जेवढं ठाऊक आहे तेवढ्यापुरता प्रामाणिक. नवं कळलं की बदलायची तयारी हवी.

नाकाशिमाला तर त्या साइटनं पुरतं बदललं. तो साधक झाला, पगार घेईना, 'सुंदरानंद' हे नाव त्याला मिळालं. पुढे अमेरिकेत परतला आणि युद्ध सुरू झाल्यावर १९४२ मध्ये केवळ जपानी वंशाचा म्हणून बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोच्या छावणीत डांबला गेला. तिथे त्याला एक जपानी सुतार भेटला. मिळेल त्या लाकडावर, जपानी हत्यारांनी, तो त्याच्याकडे काम शिकला. १९४३ मध्ये रेमंडनं हमी देऊन त्याला आपल्या पेन्सिल्व्हेनियातल्या शेतावर आणवलं. इमारती सोडून तो लाकडाकडे वळला आणि गेल्या शतकातल्या थोर फर्निचरकारांमध्ये गणला गेला. १९६४ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, येऊन त्यानं फर्निचर डिझाइन केलं. तू त्या गावात शिकलास. त्याची खुर्ची बघितली असशील, नाव माहीत नसेल.

इथे थांबून तुला छान वाटावं अशी गोष्ट संपवता आली असती. पण तू झोप उडाल्याचं लिहिलं आहेस, म्हणून उरलेलंही सांगते.

त्याच १९४३ साली रेमंडनं अमेरिकी सैन्यासाठी युटाच्या वाळवंटात, डगवे इथे, जपानी कामगारवस्तीची हुबेहूब घरं डिझाइन केली. लाकूड कुठलं, भिंती कशा, तातामी, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटया, किती जाड, सगळं अचूक. ती घरं जाळून पाहायची होती. कुठल्या आगबाँबनं जपानी घर किती लवकर पेट घेतं याच्या चाचण्या तिथे झाल्या. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत लाखाच्या आसपास माणसं जळून मेली. ज्या सुतारांकडून रेमंड शिकला त्यांचीच ती घरं. युद्धानंतर तो जपानला परतला, पुन्हा ऑफिस थाटलं, सुंदर इमारती बांधल्या, जपानी वास्तुरचनाकारांची एक पिढी त्याच्या ऑफिसातून गेली. पण डगवे पुसलं जात नाही. युद्ध लवकर संपावं असं त्याला वाटत होतं, हे मी समजू शकते. माफ मात्र करू शकत नाही.

हे तुला का सांगते? 'प्रामाणिक माल' हा शब्द आपल्या धंद्यात फार सोवळेपणानं वापरला जातो. माल प्रामाणिक असून भागत नाही. एखाद्या गावाचं लाकूड, दगड, त्यांचे सांधे आपल्याला कळले की त्या गावाचं काहीतरी आपल्याजवळ ठेव म्हणून येतं. ते कुणासाठी आणि कशासाठी वापरायचं हे दर वेळी नव्यानं ठरवावं लागतं. तुझ्याजवळ लांजा आहे, अहमदाबाद आहे, टोकियो आहे. या तीन ठेवी आहेत, तीन ओझी नव्हेत.

आता चिऱ्याकडे.

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि हवा लागत जाईल तसा कडक होतो. तो भार उचलणारा दगड आहे, पाणीही पितो. म्हणून तर कोकणातल्या घराला खोल वळचण असते, पडवी असते. भिंत उघडी पण पावसाच्या थेट माऱ्याखाली नाही. त्याच्या चकत्या पाडून ब्लॉकच्या भिंतीवर चिकटवल्या की त्याची सगळी ताकद काढून घेतली आणि फक्त रंग ठेवला. शिवाय मागे पाणी शिरणार. मी स्वतः ही चूक केली आहे. उमेदीच्या काळात पुण्याजवळच्या एका बंगल्याच्या खांबांना काळ्या दगडाच्या चकत्या लावल्या, मालकांचा आग्रह होता आणि मला ते काम हवं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात एक पट्टा सुटून पायरीवर पडला. तिथे रोज संध्याकाळी मालकांची आई बसायची. त्या दिवशी ती देवळात गेली होती. तो फोन मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा त्या जोडप्याला भेट, पण 'हे खोटं आहे' असं म्हणू नकोस. त्यांना कोकणातलं घर हवं आहे ही इच्छा खरी आहे, फक्त ती कशी पुरी होते हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर दुपारी दोन वाजता नेऊन बसव. मग हिशेब मांड: ब्लॉक, गिलावा, चकत्या, चिकटवण्याचा मसाला आणि मजुरी एका बाजूला, जवळच्या खाणीतला पूर्ण जाडीचा चिरा दुसऱ्या बाजूला. आकडे तुझ्या भागातले तूच काढ. निदान तळमजल्याच्या भिंती खऱ्या चिऱ्याच्या भारवाही होऊ दे. कोयनेचा भूकंपाचा भाग फार दूर नाही, म्हणून जोत्याला, दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलला आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे हवेतच, त्यात काटकसर नको. आणि ते पट्टे चिऱ्यामागे लपवू नकोस. दिसू दे. गावच्या सुताराकडून फळ्यांचं सेंट्रिंग करून घे, प्लायवूडचं नको. त्याचे रंध्याचे फटकारे काँक्रीटवर उमटले तर उमटू दे.

कागदाच्या दारांना कोकणचा पाऊस पहिल्याच श्रावणात बुरशी आणेल, हे तू टोकियोत राहून आला आहेस म्हणून तुझ्या तोंडून ते ऐकतील. त्यांच्या 'जपानी टच'ला गोलकोंडचं सागवानी दार दाखव. आधी स्वतः बघून ये, हातानं सरकवून, माप घेऊन.

गवंड्यांना तू बाहेरचा वाटतोस, कारण तू त्यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन जातोस. आठवडाभर रिकाम्या हातानं जा. चिरा कसा उलटा-सुलटा लावतात, कुठला परत पाठवतात, विचार. पाच वर्षं टोकियोत तू शिकाऊच होतास आणि तेव्हा लाज वाटली नव्हती.

टोकियोच्या ऑफिसला खरं ते लिही: एक घर हातात आहे, ते उभं राहिल्यावर येण्याचा विचार करीन. ते थांबले तर उत्तम. न थांबले तरी तुझं त्या गावाशी नातं नोकरीपुरतं नव्हतं.

आणि बाबांना आत्ता उत्तर देऊ नकोस. त्यांना खाणीवर घेऊन जा. चांगला चिरा आवाजावरून ओळखणारी माणसं त्या पिढीत अजून आहेत. कदाचित घरातच निघतील. मात्र एप्रिलच्या आत जा आणि ओटीपुरता चिरा तरी साइटवर आणून रच. पावसाला सुरुवात झाली की खाणीत पाणी भरतं आणि मग दिवाळीपर्यंत वाट बघावी लागते.